तिसरी प्रत

लॅपटॉप सुरू केला की उजव्या कोपऱ्यात एक लहानशी सूचना येई, जागा संपत आल्याचे सांगे आणि आपली आपण निघून जाई. सत्यशीलाबाई मेश्राम यांनी चार महिने तिच्याकडे काणाडोळा केला होता. त्यांच्या सरकारी नोकरीच्या चौतीस वर्षांपैकी एकोणीस वर्षे अभिलेख कक्षात, म्हणजे जुनी कागदपत्रे जपून ठेवण्याच्या खोलीत गेली होती. तिथे जागा कधीच पुरत नसे, आणि तरी दर वर्षीचे नवे गठ्ठे कुठे ना कुठे मावून जात. त्यामुळे जागा नसल्याची तक्रार त्या फारशी मनावर घेत नसत. डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी मात्र लॅपटॉप सुरू व्हायलाच पाऊण तास लागला, आणि एक फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला सांगताच तो जागच्या जागी गोठून बसला.

ती फाइल रविवारी बिबवेवाडीला पोचवायची होती. तसा शब्द त्या देऊन बसल्या होत्या.

निवृत्तीनंतर सत्यशीलाबाईंनी वारज्याच्या आपल्या घरातून एक काम हाती घेतले होते. भंडारा-गोंदियाच्या बाजूने मुलांच्या नोकऱ्यांपायी पुण्यात आलेल्या, आणि उभी हयात विड्या वळण्यात घालवलेल्या बायकांना भेटायचे, त्यांना बोलते करायचे आणि ते बोलणे मोबाइलवर चित्रित करून ठेवायचे. त्यांची स्वतःची आईही विड्या वळत असे. ती गेली तेव्हा तिचे एक वाक्यही कुठे टिपलेले नव्हते, हे त्यांच्या लक्षात यायला तेरावे वर्ष उजाडावे लागले. सहा वर्षांत त्यांनी एकतीस बायका गाठल्या. प्रत्येकीला त्या आधी सांगत, "तुमचं बोलणं माझ्या घरात राहील. तुम्ही हो म्हटल्याशिवाय बाहेर जायचं नाही." हिंजवडीत नोकरी करणारी त्यांची मुलगी आम्रपाली सारखी म्हणे, "आई, सगळं क्लाउडवर टाक ना, टेन्शनच नाही." त्यावर त्या एवढेच विचारत की ते क्लाउड कोणाच्या घरात असते. मग आम्रपाली दुसरा विषय काढी.

या एकतीस जणींत चंपामावशी रामटेके सगळ्यांत थोरल्या. वय त्र्याऐंशी. त्यांच्या अकरा बैठका झाल्या होत्या, कारण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे इतरांहून काही वेगळे होते. गावच्या विडी कारखान्याच्या शेडमध्ये सातवीपर्यंत शिकलेली ती एकटीच बाई, म्हणून रोज दुपारी तिने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी विड्या वळता वळता ऐकायचे, असा तिथे रिवाज पडला होता. सातव्या बैठकीत मावशींनी तसेच वाचून दाखवले होते. पुढे त्यांना घशाचा आजार निघाला आणि जुलैमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावे लागले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सत्यशीलाबाई भेटायला गेल्या तेव्हा मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या होत्या, "आता माह्यं बोलणं तुह्या डबड्यात. नीट ठेवजो."

तेव्हापासून मावशी पाटीवर लिहून बोलत. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी त्यांचा मुलगा योगेश याने फोन करून सांगितले की आईने सकाळी पाटीवर एकच ओळ लिहिली आहे आणि ती कोणाला पुसू देत नाही. ती ओळ अशी होती: 'मी पेपर वाचला तो ऐकाचा आहे.' पाच महिन्यांत मावशींनी औषधपाण्यापलीकडे काही मागितले नव्हते. सत्यशीलाबाईंनी रविवार ठरवून टाकला.

म्हणून शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून कोथरूडमधल्या एका दुकानात शिरल्या. एका सोसायटीच्या तळमजल्यावर तो लहानसा गाळा होता. दुकान तेजस्विनी नावाच्या बाई चालवत. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. बारा वर्षे एका कंपनीत संगणकांची देखभाल करून नंतर त्यांनी स्वतःचे काम सुरू केले होते.

"किती सालचा?" त्यांनी लॅपटॉप हातात घेत विचारले.

"दोन हजार सतराचा."

"म्हणजे ह्याचंही निवृत्तीचं वय झालंय. बघू, मुदतवाढ मिळते का."

लॅपटॉप सुरू होईपर्यंत त्यांनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा चार्जर बदलून दिला. मग त्या पडद्यासमोर बसल्या, फोल्डर उघडून पाहिले आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मॅडम, हे एकच सामान तीन वेळा दिसतंय."

सत्यशीलाबाईंनी समजावून सांगितले. पहिला फोल्डर मूळ फायलींचा. दुसरा स्थळप्रतीचा, म्हणजे मूळ कागद बाहेर गेला तरी कचेरीत राहते तशा प्रतीचा. तिसरा अभिलेखाचा, कायम जतन करायचा. दुसरी प्रत त्या चित्रीकरणाच्या दिवशीच करत, आणि तिसरी दर शुक्रवारी, कारण कक्षाकडे कागद पाठवायचा दिवस शुक्रवारच असे. सांगताना त्यांच्या आवाजात नकळत थोडा अभिमान आला होता. सहा वर्षांत एकही शुक्रवार चुकला नव्हता.

"आणि तिन्ही ह्याच लॅपटॉपमध्ये."

"हो."

"बरं," तेजस्विनी म्हणाल्या. ते 'बरं' त्यांनी असे काही उच्चारले की सत्यशीलाबाईंना आपल्या जुन्या वरिष्ठांचा शेरा आठवला.

पण पुढे तेजस्विनी जे बोलल्या ते सरळ मनाने बोलल्या. "मी दुकान चालवते, तरी सांगते. नवी डिस्क घेऊ नका. शेवटचे दोन फोल्डर उडवले की तीनशे जीबी मोकळे होतील. चहा पिऊन होईस्तोवर काम होईल तुमचं. उडवू?"

सल्ला प्रामाणिक होता आणि दिसायला बिनचूक होता. आम्रपालीनेही दिवाळीत हेच सांगितले होते. सत्यशीलाबाईंच्या ओठांवर होकार आलाही होता, पण एकोणीस वर्षांची सवय आडवी आली. त्यांच्या कक्षात कुठलाही कागद नुसता फाडून टाकता येत नसे. आधी नष्ट करायच्या कागदांची यादी करायची, मग जी प्रत मागे उरणार ती उघडून नजरेखालून घालायची, यादीवर सही करायची, आणि त्यानंतरच गठ्ठ्याला हात लावायचा. या नियमाला नवे कारकून कंटाळत. त्याही एके काळी कंटाळल्या होत्या.

"आधी जी ठेवायची ती प्रत उघडून बघू," त्या म्हणाल्या. "एकेक फाइल."

"एकशे चाळीस आहेत."

"मी बसते ना."

तेजस्विनींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. वाद घालण्यात अर्थ नाही हे त्यांना कळले असावे. कोपऱ्यातले स्टूल पुढे ओढून त्यांनी दिले आणि म्हणाल्या, "बसा. सरकारी काम आहे, वेळ लागणारच."

सत्यशीलाबाईंनी कापडी पिशवीतून आपली नोंदवही काढली. तीत प्रत्येक बैठकीचा क्रमांक, नाव, तारीख आणि लांबी मांडलेली होती. एक फाइल उघडायची, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे थोडे चालवून पाहायचे आणि वहीत खूण करायची, असे काम सुरू झाले. साठेक फायली बिनबोभाट उघडल्या. मग एक अडकत अडकत उघडली. चंपामावशींची सातवी बैठक काही केल्या उघडेना. पडद्यावर फिरणारे वर्तुळ फिरतच राहिले आणि लॅपटॉपच्या पोटातून बारीक आवाज येऊ लागला, बंद खिडकीवर कोणी नखाने टकटक करावे तसा.

तेजस्विनींनी लगेच लॅपटॉप बंद केला. त्यांचा चेहरा बदलला होता.

"ही भरलेली नाहीये नुसती. ही डिस्क चाललीये," त्या म्हणाल्या. "मघाशी मी उडवा म्हटलं ते विसरा. आता एक फाइलसुद्धा पुसायची नाही."

सत्यशीलाबाईंनी सातव्या बैठकीबद्दल विचारले. मिळेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, असे तेजस्विनी म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, आणि त्याबद्दल सत्यशीलाबाईंना त्याही क्षणी बरे वाटले. मग त्यांनी, त्या फाइलची उद्या कोण वाट पाहत आहे आणि ती बाई आता का बोलू शकत नाही, ते थोडक्यात सांगितले. तेजस्विनींनी ऐकून घेतले, उठून दुकानाचा काचेचा दरवाजा लोटून घेतला आणि बाहेर आलेल्या माणसाला खुणेनेच संध्याकाळी यायला सांगितले.

लॅपटॉप उलटा करून त्यांनी तळाचे स्क्रू काढले आणि ते एका वाटीत टाकले. आतली डिस्क बाहेर आली तेव्हा त्यांनी ती सत्यशीलाबाईंच्या हातावर ठेवली. चपटी, धातूची, हाताला चांगली जड लागणारी. तिच्या आत एक तबकडी अखंड फिरत असते आणि सुईसारखा एक काटा तिच्यावरून सरकत वाचत जातो. इतक्या वर्षांत तबकडीवर जागोजाग ओरखडे पडले की काटा तिथेच ठेचकाळत राहतो, असे त्यांनी सांगितले. नंतर नवी एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, काढून दुसऱ्या हातावर ठेवली. आकार तोच, पण वजन जवळपास नाहीच.

"ह्यात काही फिरतच नाही," तेजस्विनी म्हणाल्या. "पडली-झडली तरी सोसते. जागा आताच्या दुप्पट. पण हीसुद्धा अमर नाही, आधीच सांगून ठेवते."

नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसली. जुनी एका लहान डबीत घालून वायरीने बाहेरून जोडली. सगळी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचा प्रयत्न आधी करून पाहिला. तो एकतीस टक्क्यांवर थांबला. तेव्हा तेजस्विनींनी नव्या डिस्कवर सगळी यंत्रणा नव्याने घातली आणि जुन्या डिस्कवरून एकेक फोल्डर उचलून आणायचे ठरवले. आधी मूळ. त्यात जे येणार नाही, तेवढेच दुसऱ्या फोल्डरमधून. तिथेही नाही मिळाले, तर तिसऱ्यातून. थकलेल्या डिस्कला उगाच पळवायचे नाही.

दुपार सरत गेली. तेजस्विनींनी आपला डबा उघडला आणि न विचारता अर्धी पोळीभाजी झाकणात काढून सत्यशीलाबाईंपुढे सरकवली. जेवताना त्यांनी विडीच्या कामाबद्दल बरेच काही विचारले. तेंदूचे पान आधी भिजवतात का, एका बाईच्या दिवसाला किती विड्या होत, बोटांना काय होई. सत्यशीलाबाईंनी आपल्या आईच्या अंगठ्याच्या नखाबद्दल सांगितले. पाने दुमडून दुमडून ते नख एका बाजूने झिजले होते.

चार वाजेपर्यंत मूळ फोल्डरमधल्या एकशे छत्तीस फायली आल्या. चार राहिल्या. त्यांतल्या तीन स्थळप्रतीतून सुखरूप निघाल्या. सातवी बैठक तिथेही अडली. तिसऱ्यांदा प्रयत्न केल्यावर पडद्यावर ओळ आली की ही फाइल वाचता येत नाही.

सत्यशीलाबाई पडद्याकडे न पाहता वहीकडे पाहू लागल्या. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: चंपा रामटेके, बैठक सात, अठ्ठेचाळीस मिनिटे, वृत्तपत्रवाचन. नोंद किती स्वच्छ होती. कागद गहाळ झाल्यावरही नोंद अशीच स्वच्छ राहते, हे त्यांनी नोकरीत अनेकदा पाहिले होते.

"आता तुमचा शुक्रवार," तेजस्विनी म्हणाल्या आणि तिसरा फोल्डर उघडला.

पट्टी पुढे सरकू लागली, अगदी संथ. तेवढ्या वेळात तेजस्विनींनी सकाळपासून मनात ठेवलेले बोलून घेतले, मऊ आवाजात पण आडपडदा न ठेवता. "राग मानू नका. प्रती तीन आहेत, पण कपाट एकच आहे. उद्या लॅपटॉप चोरीला गेला तर तिन्ही गेल्या. ह्याला तीन प्रती म्हणत नाहीत."

राग येण्यासारखे काही नव्हते. सत्यशीलाबाईंना एक जुने पत्र आठवले होते. पंचवीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या कचेरीत भिंतीतला पाण्याचा नळ फुटला आणि एका मांडणीवरच्या मूळ संचिका व त्यांच्या प्रती एकदमच भिजल्या. त्यानंतर दोन्ही संच वेगवेगळ्या इमारतींत ठेवावेत, असे पत्र सगळ्या कचेऱ्यांना गेले होते. मसुदा सत्यशीलाबाईंनी लिहिला होता, आणि त्यातल्या भाषेचे कौतुकही झाले होते. कागदाच्या बाबतीत जे त्यांनी साऱ्या जिल्ह्याला शिकवले, ते लॅपटॉपच्या बाबतीत त्यांना स्वतःला सुचले नव्हते, कारण पडद्यावरचे फोल्डर त्यांना तीन वेगळ्या खोल्यांसारखे दिसत. त्यांनी हे सगळे तेजस्विनींना सांगून टाकले.

"तुमचंच पत्र तुम्हाला पोचलं नाही म्हणायचं," तेजस्विनी म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

पट्टी सत्तर टक्क्यांवर थांबली. जुन्या डिस्कमधून पुन्हा ती टकटक आली. तेजस्विनींनी हाताने खूण केली की काही करायचे नाही, तिला तिच्या चालीने जाऊ द्यायचे. सत्यशीलाबाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. रस्त्यावरून एक बस गेली, मागून दुसरी गेली. मग पट्टी हलली. एकाहत्तर. बहात्तर. शेवटचा भाग तर भराभर आला.

फाइल आल्याची ओळ दिसली. तेजस्विनी म्हणाल्या, "सकाळी तुम्ही हो म्हणाला असतात तर मी हीच प्रत उडवली असती. आणि आपल्याला दोघींना कळलंही नसतं. घरी जाऊन उघडलं असतंत, तेव्हा." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. चष्मा काढून पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला. "बरं झालं तुम्ही बसलात."

"बरं तुम्ही केलंत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "हे उपकार आहेत तुमचे."

"उपकार कसले. पावती मिळेल." मग त्या वळल्या. "पण नियम तुमचाच ना? पडताळणी करा. लावा पहिल्यापासून शेवटपर्यंत."

सत्यशीलाबाईंनी फाइल लावली. तेजस्विनींनी एक बिघडलेला लॅपटॉप समोर ओढला आणि बारीक ब्रशने त्याच्या पंख्यातली धूळ काढायला बसल्या.

दुकानात चंपामावशींचा आवाज घुमला. खणखणीत, थोडा नाकातला, प्रत्येक मथळ्यानंतर क्षणभर थांबणारा. त्या दिवशी सत्यशीलाबाईंनी त्यांच्या हाती ताजे वर्तमानपत्र दिले होते आणि शेडमध्ये वाचत तसे वाचा म्हटले होते. धरणाची बातमी झाली, भाज्यांचे भाव झाले. मग मावशींनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि त्या काळाबद्दल सांगू लागल्या.

"वाचणारीचे हात रिकामे. तं तिची मजुरी कशी निघन? मंग बायांनीच ठरवलं. सांजच्याले विड्या मोजाच्या आधी हरेक बाई आपल्या सुपातल्या पाच-पाच विड्या माह्या सुपात टाके. कोणी सांगाची गरज नाही. तो वाचणारीचा वाटा."

ब्रश चालत होता.

"मी अक्षराकडं कमी अन् बायांच्या हाताकडं जास्त पाहो. हात चालू, तं बातमी साधी. हात थांबले, तं बातमी मोठी."

मग मावशींनी एका दुपारची हकिगत सांगितली. मॅट्रिकच्या निकालाची बातमी होती. केंद्रात पहिली आलेली मुलगी म्हणून मावशींनी नाव वाचले, कुमारी वच्छला देवाजी गजभिये. ही त्याच शेडमध्ये बसलेल्या जनाबाईची मुलगी. सगळ्या बायांचे हात थांबले.

"तिचेच चालू होते," मावशी म्हणाल्या. "आपल्या पोरीचं नाव पेपरात येईन, हे तिच्या मनातच आलं नाही. दुसरी कोणी वच्छला असन, असं वाटलं तिले. मंग मी तेच परत वाचलं. हळू."

सत्यशीलाबाईंनी सहज मान वळवली. तेजस्विनींचा ब्रश पंख्यावर टेकलेला होता आणि हलत नव्हता. पडद्यावर मावशी थांबल्या होत्या, जनाबाईला समजायला लागला असेल तेवढाच वेळ. नंतर त्या पुढे म्हणाल्या की त्या सांजेला बायांनी वाटा दोन सुपांत टाकला, एक मावशींच्या आणि एक जनाबाईच्या.

ब्रश पुन्हा चालू झाला.

अठ्ठेचाळीस मिनिटे पुरी झाल्यावर सत्यशीलाबाईंनी वहीत खूण केली आणि खाली सही केली. पुढचे बोलणे कामाचे झाले. सगळ्या फायली एका वेगळ्या लहान डिस्कवरही घ्यायच्या आणि ती आम्रपालीच्या घरी ठेवायची. मुलीचे घर म्हणजे अखेर आपलेच घर, एवढी सवलत सत्यशीलाबाईंनी स्वतःला दिली. शिवाय एक गोष्ट त्यांनी तिथेच बसल्या बसल्या ठरवली. ज्या बाईचे बोलणे, त्याची एक प्रत तिच्या घरी असायला हवी. सहा वर्षे त्यांनी एकतीस जणींचा आवाज जपला होता, पण तो त्यांच्या हाती परत द्यावा असे त्यांच्या मनात आले नव्हते. सुरुवात चंपामावशींपासून.

तेजस्विनींनी खणातून एक नवा पेनड्राइव्ह काढला, अकराही बैठका त्यावर उतरवल्या आणि तो पुढे केला. पावती लिहून झाली तेव्हा सत्यशीलाबाईंनी ती सवयीने वरपासून खालपर्यंत वाचली आणि पेनड्राइव्ह लिहायचा राहिल्याचे दाखवून दिले.

"राहिला नाही," तेजस्विनी पुन्हा ब्रश हातात घेत म्हणाल्या. "काम करता करता ऐकलंय मी. माझा वाटा त्यांच्या सुपात टाका."

सत्यशीलाबाईंनी तो पेनड्राइव्ह नोंदवहीत ठेवला, वही पिशवीत ठेवली आणि दरवाजाशी जाऊन पुन्हा वळल्या. तेजस्विनींनी मान वर न करता डावा हात हलवला.

रविवारी दहा वाजता त्या बिबवेवाडीला पोचल्या. योगेशने जय भीम म्हणत दार उघडले आणि लॅपटॉपची पिशवी हातातून घेतली. चंपामावशी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. गळ्याभोवती पांढरा मऊ रुमाल, मांडीवर पाटी. गुरुवारची ओळ अजून तिच्यावर होती. त्यांची सून श्रद्धा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत होती. सत्यशीलाबाई आल्याचे पाहून ती उठू लागली, पण मावशींनी हातानेच तिला बसायला सांगितले.

सत्यशीलाबाईंनी पेनड्राइव्ह मावशींच्या तळहातावर ठेवला आणि तो कोणी दिला ते सांगितले. दोन प्रती कशा गेल्या होत्या, तिसरी कशी निघाली, आणि आपली चूक काय झाली होती, यातले काही त्यांनी लपवले नाही. मग दुकानातल्या बाई पंखा साफ करता करता अठ्ठेचाळीस मिनिटे कशा ऐकत होत्या आणि शेवटी पेनड्राइव्हबद्दल काय म्हणाल्या, तेही सांगितले.

मावशींनी पेनड्राइव्ह मुठीत धरला. दुसऱ्या हाताने, चार दिवस कोणाला पुसू न दिलेली ओळ त्यांनी स्वतःच पुसली आणि पेन्सिल उचलली. पाटी वळवून त्यांनी सत्यशीलाबाईंपुढे धरली.

'तिचे हात थांबले का?'

"एकदा थांबले, मावशी," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "जनाबाईचे थांबले नव्हते, तिथं."

मावशींनी डोळे मिटून मान हलवली. त्यांचे खांदे किंचित हलले. त्या हसत होत्या. हसण्यालाही आता आवाज नव्हता. मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट केले.

लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू झाला. कोपऱ्यात कुठलीही सूचना आली नाही. सत्यशीलाबाईंनी सातवी बैठक लावली, आणि खोलीत तो खणखणीत, थोडा नाकातला आवाज उमटला. योगेश भिंतीला टेकून उभा राहिला. श्रद्धाने नवी शेंग उचलली, अंगठ्याने फोडली, दाणे ताटलीत पडले. धरणाची बातमी झाली. भाज्यांचे भाव झाले.

चंपामावशी पडद्याकडे पाहत नव्हत्या. मांडीवरची पाटी दोन्ही हातांनी धरून त्या किंचित पुढे वाकल्या होत्या, आणि त्यांची नजर श्रद्धाच्या हातांवर होती.